ठिपकीचे दात आणि पहिली भाकरी

एक होतं अंगण. अंगणात एक कडुनिंब. निंबाखाली एक गोणपाट. गोणपाटावर भुरी कुत्री. आणि भुरीला चिकटून एक पिल्लू.

पिल्लाचं नाव ठिपकी. नाकावर एक काळा ठिपका, म्हणून ठिपकी. शेपूट एवढीशी. पाय एवढेसे. पोट मात्र हे एवढं!

आधी पिल्लं होती पाच. एकेक मोठं झालं. एकेकानं भाकरी खाल्ली. एकेक नव्या घरी गेलं. चार गेली. पाचवी राहिली. ती आपली ठिपकी.

अंगण होतं मालनकाकूचं. अंगणात नियमही मालनकाकूचाच. काकू म्हणायची, "जे पिल्लू आपल्या दातांनी भाकरी खाईल, तेच दुसऱ्या घरी जाईल. आणि पिल्लू नेणाऱ्यानं आधी त्याच्या आईला जेवू घालायचं."

नियम म्हणजे नियम.

पाण्याच्या पाटापलीकडे राही राहायची. राहीला ठिपकी हवी होती. ठिपकीलाही राही हवी होती. कानामागे काय छान खाजवायची ती!

राही बाबांचं बोट धरून आली. "काकू, नेऊ ठिपकीला?"

"अगं, डोळे तरी उघडू देत तिचे!"

राही पुन्हा आली. "काकू, आता नेऊ?"

"अगं, दात तरी येऊ देत तिला!"

राही पुन्हा आली. "काकू, आता तरी नेऊ?"

"अगं, भाकरी तरी खाऊ दे तिला!"

भाकरी? ठिपकी भाकरी हुंगायची आणि तोंड फिरवायची. थू! आईचं दूध असताना भाकरी कोण खाणार?

आज राही पुन्हा येणार होती. ऊन डोक्यावर आलं की येणार होती.

सकाळ झाली. ठिपकीला भूक लागली. ठिपकी आईला बिलगली. दूध पिऊ लागली. चुटु चुटु, चुटु चुटु.

"आई गं!" भुरी ओरडली. आणि टुणकन उठून उभी राहिली.

"दूध दे ना, आई."

"नाही गं, बाळा. तुला दात आले. ते मला टोचतात. आता दूध संपलं."

"मग मी काय खाऊ?"

"भाकरी खा. जा, काकूकडे माग."

"तू आण ना."

"नाही. तूच जा."

ठिपकीला रडू आलं. आईला मी नको झाले की काय? असं वाटलं तिला. ती कुंई कुंई रडली. तेवढ्यात पोटात झालं गुडगुड. रडू थांबलं. गुडगुड थांबेना. मग ठिपकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

पायरी चढली. एकदा पडली. पुन्हा चढली. काकूकडे आली.

"काकू, काकू, भाकरी दे."

"अगं बाई! आज एकटीच आलीस? काय झालं, ठिपके?"

ठिपकी म्हणाली,
"आई दूध देईना.
माझ्या पोटातली गुडगुड थांबेना!"

काकू म्हणाली, "देते की गं भाकरी. पीठ मळून ठेवलंय बघ. पण चूल पेटेना. चूल पेटली, तर भाकरी थापीन."

ठिपकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. चुलीकडे आली.

"चुली, चुली, पेट ना गं."

"फूऽऽ!" चुलीनं राख उडवली. ठिपकी शिंकली. फिच्! चूल म्हणाली, "काय झालं, ठिपके?"

ठिपकी म्हणाली,
"आई दूध देईना.
काकू भाकरी थापेना.
माझ्या पोटातली गुडगुड थांबेना!"

चूल म्हणाली, "पेटते की गं. पण मला शेणाच्या गोवऱ्या हव्यात. गोवऱ्यांवर कोंबडी बसलीय. कोंबडी उठली, तर पेटेन."

ठिपकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. कोंबडीकडे आली.

"कोंबडीताई, कोंबडीताई, ऊठ ना गं."

"कॉक् कॉक् कॉक्! लांबून बोल! लांबून!" कोंबडी फुगून बसली होती. पंखाखाली चिवचिव चालली होती. ती म्हणाली, "काय झालं, ठिपके?"

ठिपकी लांब सरकली. आणि म्हणाली,
"आई दूध देईना.
काकू भाकरी थापेना.
चूल पेटेना.
माझ्या पोटातली गुडगुड थांबेना!"

कोंबडी म्हणाली, "उठते की गं. पण माझ्या पंखाखाली सात पिल्लं आहेत. आणि तिकडे कोपऱ्यात बोका आहे. मिशा बघ त्याच्या! बोका गेला, तर उठेन."

ठिपकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. कोपऱ्यात आली.

कोपऱ्यात बोका होता. मिशा खरंच मोठ्या होत्या. ठिपकी जरा घाबरली. जराच हं.

"बोकोबा, बोकोबा, जा ना हो."

"म्यांऽव." बोक्यानं एक डोळा उघडला. "काय झालं, ठिपके?"

ठिपकी म्हणाली,
"आई दूध देईना.
काकू भाकरी थापेना.
चूल पेटेना.
कोंबडी उठेना.
माझ्या पोटातली गुडगुड थांबेना!"

बोक्यानं दुसरा डोळा उघडला. म्हणाला, "मला काय इथं बसायची हौस आहे? मलाही घरी जायचंय. पण एकीकडे भिंत. दुसरीकडे भिंत. आणि वाटेत ही थोरली म्हैस! पायाखालून गेलो, तर माझी पोळी होईल. म्हैस सरकली, तर जाईन."

ठिपकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. फार चालावं लागलं नाही. म्हैस तिथंच होती.

ठिपकीनं वर पाहिलं. म्हैस दिसेना. आणखी वर पाहिलं. म्हशीचं पोट दिसलं. आणखी वर पाहिलं. ठिपकी मागच्या मागे पडली, धप्प! मग म्हशीचं तोंड दिसलं.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, सरक ना गं."

म्हैस रवंथ करत होती. चरक मरक, चरक मरक. ठिपकीनं वाट पाहिली. चरक मरक. आणखी वाट पाहिली. चरक मरक. म्हशीला कधीच घाई नसते.

"ऑंऽऽय," म्हैस म्हणाली. "काय झालं, ठिपके?"

ठिपकी म्हणाली,
"आई दूध देईना.
काकू भाकरी थापेना.
चूल पेटेना.
कोंबडी उठेना.
बोका जाईना.
माझ्या पोटातली गुडगुड थांबेना!"

म्हैस म्हणाली, "सरकते की गं. पण शेळीचं दावं माझ्या पायात अडकलंय. मी पाय ओढला, तर शेळी पडेल बिचारी. शेळी सुटली, तर सरकेन."

ठिपकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. शेळीकडे आली.

"शेळीताई, शेळीताई, सूट ना गं."

"बेंऽऽ!" शेळीची मान वाकडी. शेळीचे डोळे गोल. "काय झालं, ठिपके?"

ठिपकी म्हणाली,
"आई दूध देईना.
काकू भाकरी थापेना.
चूल पेटेना.
कोंबडी उठेना.
बोका जाईना.
म्हैस सरकेना.
माझ्या पोटातली गुडगुड थांबेना!"

शेळी म्हणाली, "सुटते की गं. पण कशी सुटू? मी पाला खायला इकडून फिरले. मग तिकडून फिरले. दावं खुंट्याला गुंडाळलं. म्हशीच्या पायाला गुंडाळलं. आता मला हलताच येईना. दावं तुटलं, तर सुटेन."

हावरट कुठली! पण ठिपकी तसं बोलली नाही. ती दाव्याकडे वळली.

"दाव्या, दाव्या, तूट ना रे."

"करर्र," दावं म्हणालं. "काय झालं, ठिपके?"

ठिपकी आता दमली होती. पण तिनं सगळं सांगितलं. एकही विसरली नाही.
"आई दूध देईना.
काकू भाकरी थापेना.
चूल पेटेना.
कोंबडी उठेना.
बोका जाईना.
म्हैस सरकेना.
शेळी सुटेना.
माझ्या पोटातली गुडगुड थांबेना!"

दावं म्हणालं, "तुटतो की गं. पण असातसा नाही तुटायचा. ओढून तुटत नाही. लाथ मारून तुटत नाही. म्हशीचे दात चपटे. शेळीचे दात चपटे. मला बारीक दात हवेत. टोकदार दात हवेत. टोचणारे दात हवेत. तसे दात मिळाले, तर तुटेन."

ठिपकी खाली बसली. बारीक दात? टोकदार दात? टोचणारे दात? आता कुणाकडे जायचं?

आणि मग ठिपकीचे कान उभे राहिले. आधी एक. मग दुसरा.

आई काय म्हणाली होती? "तुला दात आले. ते मला टोचतात."

ठिपकीनं तोंडात जीभ फिरवली. वर टोचलं. खाली टोचलं. इकडे टोचलं. तिकडे टोचलं.

"अरे! ते दात तर माझ्याकडेच आहेत!"

ठिपकीनं दावं तोंडात धरलं. आणि चावलं. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

दाव्याला पीळ होते तीन.

कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. फट्! एक पीळ तुटला.

कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. फट्! दुसरा पीळ तुटला.

कुरुम कुरुम... कुरुम...

ठिपकी थांबली. जबडा दुखला. जीभ कोरडी झाली. तिला आईची आठवण आली. ती रडली, "कुंई!"

निंबाखाली भुरी ताडकन उठली. एक पाऊल पुढे आली. आणि थांबली. पुन्हा खाली बसली. पण डोळे ठिपकीवरच होते. शेपूट जमिनीवर हलत होती. सर्र सर्र, सर्र सर्र.

ठिपकीला आईची शेपूट दिसली. तिनं दावं पुन्हा तोंडात धरलं.

कुरुम कुरुम, कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. फटाक्!

दावं तुटलं!

दावं तुटलं, शेळी सुटली. बेंऽऽ! उड्या मारत पाल्याकडे गेली.

शेळी सुटली, म्हैस सरकली. ऑंऽऽय! एक पाय. दुसरा पाय. तिसरा पाय. चौथा पाय. सरकली एकदाची.

म्हैस सरकली, बोका गेला. म्यांऽव! शेपूट उंच करून मोकळ्या वाटेनं घरी गेला.

बोका गेला, कोंबडी उठली. कॉक् कॉक्! मागून सात पिल्लं निघाली, चिव चिव चिव.

कोंबडी उठली, काकूनं गोवऱ्या आणल्या. एक गोवरी. दोन गोवऱ्या. काकूनं फुंकर मारली. फूऽऽ!

गोवऱ्या आल्या, चूल पेटली. धडधड, धडधड.

चूल पेटली, काकूनं भाकरी थापली. थप थप, थप थप. तव्यावर टाकली. उलटली. जाळावर धरली. भाकरी टम्म फुगली!

काकूनं भाकरी मोडली. फुंकर घालून गार केली. ठिपकीच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "घे गं, माझे बाई. मिळवलीस तू."

ठिपकीच्या तोंडाला पाणी सुटलं. पोटात झालं गुडगुड, गुडगुड, गुडगुड! ठिपकीनं एक तुकडा उचलला.

पण खाल्ला नाही.

ठिपकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. पायरी उतरली. एकदाही पडली नाही. निंबाखाली आली. तुकडा आईच्या पुढ्यात ठेवला.

"आई, हा घास तू खा."

"आणि तू गं?"

"तुझं दूध संपलं ना, आई? मग तुलाही भूक लागली असेल."

काकूनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "चुलीचा धूर झालाय फार."

भुरीनं घास खाल्ला. मग ठिपकी भाकरीकडे पळाली. आणि मग काय! कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. थू नाही. तोंड फिरवणं नाही. सगळी भाकरी आपल्या दातांनी खाल्ली.

पोटातली गुडगुड थांबली.

ठिपकी आईच्या कुशीत आली. हळूच म्हणाली, "आई, मी तुला नको झाले का गं?"

"वेडाबाई!" भुरी म्हणाली. "नको झालीस म्हणून नाही उठले मी. मोठी झालीस म्हणून उठले. तू अंगणभर फिरलीस. मी इथून बघत होते. सगळं बघत होते."

ऊन डोक्यावर आलं. पाटावरून राही आली. एका हातात बाबांचं बोट. दुसऱ्या हातात तुपाची वाटी.

"काकू, आता नेऊ ठिपकीला?"

काकू म्हणाली, "आधी नियम."

राहीनं भाकरी घेतली. भाकरीला तूप लावलं. भुरीच्या पुढ्यात ठेवली. "भुरी, जेव." भुरी पोटभर जेवली. मिशीला लागलेलं तूपही चाटलं.

"आता नेऊ, काकू?"

"मला कशाला विचारतेस? भुरीला विचार."

राही भुरीजवळ बसली. "भुरी, भुरी, मी ठिपकीला नेऊ? मी तिला रोज भाकरी देईन. कानामागे खाजवीन. गोणपाटावर निजवीन."

भुरीनं ठिपकीला चाटलं. डोकं चाटलं. कान चाटले. पोट चाटलं. शेपटीच्या टोकापर्यंत चाटलं. एकदा झालं. तरी पुन्हा चाटलं. मग नाकानं हळूच ढकललं. राहीकडे.

ठिपकी राहीच्या मांडीवर चढली.

काकूनं गोणपाटाचा एक तुकडा फाडला. टर्र! त्याला आईचा वास होता. काकू म्हणाली, "राही, हा तिच्या अंथरुणात घाल. आईची आठवण आली, की हुंगेल."

राही निघाली. ठिपकी खांद्यावरून मागे बघत राहिली. अंगण लहान झालं. निंब लहान झाला. आई एवढीशी झाली.

"भू!" आई म्हणाली.

ठिपकीला फक्त कुंई कुंई यायचं. पण आज तिनं तोंड उघडलं. आणि आतून आलं,

"भू!"

केवढी दचकली ती स्वतःच! राही हसली. बाबा हसले. अंगणात भुरीची शेपूट हलली. सर्र सर्र, सर्र सर्र.

राहीच्या घरीही चूल होती. भाकरी होती. राहीनं ठिपकीला भाकरी दिली. ठिपकीनं एक तुकडा उचलला. बाजूला ठेवला. आणि मग बाकीची भाकरी खाल्ली. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

"हा गं कुणाचा?" राहीनं विचारलं.

ठिपकीनं पाटाकडे पाहिलं. "भू!"

राहीला कळलं. तिनं तो तुकडा उचलला. ठिपकीला घेतलं. बाबांचं बोट धरलं. "चला बाबा, देऊन येऊ."

आणि सगळे निघाले. लुटुलुटु, लुटुलुटु.

आता तुम्हीही जेवायला बसा बरं. ताट आलं. भाकरी आली. भाजी आली.

सांगा पाहू, तुमचा पहिला घास कुणाला?